वर्ना हॅस्केलची पंगत

गावसभेत वर्ना हॅस्केल बोलायला उठली की अमेरिकेतल्या आल्डर फॉल्सची माणसं खुर्चीत जरा ऐसपैस टेकून बसत. आता पाच मिनिटं बरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक असे. दर मार्चमध्ये, बर्फ अजून गुडघाभर असताना, अख्खं गाव शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या दालनात, जमायचं आणि रस्त्यांचा खर्च, अग्निशमनाचा ट्रक, वाचनालयाचं छप्पर अशा एकेका विषयावर हात वर करून मत द्यायचं. कर वाढवायचा विषय निघाला रे निघाला, की स्वयंपाकघराच्या दारातून वर्ना पुढे यायची, ॲप्रनला हात पुसत.

"मी एकोणिसाव्या वर्षापासून या शाळेत पोरांना रांधून घालतेय," तिची सुरुवात ठरलेली. "एक दिवस दांडी मारली नाही. माझा नवरा अर्ल अंगात ताप घेऊन कागद गिरणीत पाळी करायचा. आम्ही कुणापुढे हात पसरला नाही. आपल्यातलं कुणी आजारी पडलं तर आपण जेवण घालतो आणि त्याला उभं करतो. त्यात सरकार कशाला मध्ये?"

टाळ्या पडायच्या. कराचा विषय मतांत पडायचा. मग वर्ना आत जाऊन सगळ्यांना दुपारचं वाढायची.

ती नुसती तोंडाची वाफ नव्हती, हे तिच्या वैऱ्यालाही मान्य करावं लागेल. गावात कुणावर इस्पितळाच्या बिलांचा डोंगर कोसळला की मदतीची पंगत वर्नाच घालायची. शेतकरी सभागृहाच्या मागे दगडांनी बांधलेला एक खड्डा आहे. त्यात आदल्या दुपारी ओंडके पेटवायचे, निखारे झाले की घेवडा, काकवी, मोहरी आणि खारवलेलं डुक्कर भरलेला लोखंडी हंडा त्यात उतरवायचा, वर माती लोटायची आणि दुसऱ्या संध्याकाळी उकरून काढायचा. ते झाकण उघडल्यावर जो वास सुटतो त्याला अख्ख्या मेन राज्यात तोड नाही. लोक येत, पोटभर जेवत आणि दारातल्या बरणीत ज्याला जे जमेल ते टाकत. पेल्टियरांच्या लेकीचा कर्करोग या हंड्यावर निभावला. ओंडक्याखाली पाय सापडलेला लाकूडतोड्या याच हंड्यावर परत उभा राहिला. अशा पंगती वर्नाने तीस वर्षं घातल्या आणि स्वतःसाठी कधी ताटभर अन्नही बाजूला काढलं नाही. पण चांगलं काम करणाऱ्याला आपण चांगलं काम करतो हे फार नीट कळायला लागलं, की तो माणूस इतरांना जरा जड होतो. वर्ना तशी झाली होती. आणि सगळ्यात जड झाली होती ती तिच्या पोटच्या पोराला.

डस्टिन चौतिशीचा. तो शाळेतून बाहेर पडला त्याच वर्षी कागद गिरणीला टाळं लागलं. त्याच्या बापाला चाळीस वर्षांच्या चाकरीचं एक घड्याळ तरी मिळालं होतं, पोराला गिरणीचं फाटकसुद्धा उघडं मिळालं नाही. तो स्वतःच्या मोडक्या गाडीतून लोकांची पार्सलं पोचवी, अधूनमधून चाळीस मैलांवरच्या बँगोरला जाऊन गोदामात खोकी चढवी, उन्हाळ्यात किनाऱ्यावर बोटी घासे, हिवाळ्यात म्हाताऱ्यांच्या छपरावरचं बर्फ ओढे. वर्नाला हे सगळं माहीत होतं. पण दुकानातल्या कॉफीच्या टेबलाशी बसलं की तिची जीभ वेगळीच चाले.

"माझ्या पोराला नोकरी नाही ग बाई, नोकऱ्या आहेत," ती म्हणे. "रोज नवी, आणि एक धड नाही. ही आताची पिढीच अशी. कामाचं वावडं आणि फोनचं वेड."

टेबलाभोवती हशा पिके. लाकडाचे ट्रक चालवणारा रॉस ब्रॅग तर डोळे पुसेपर्यंत हसे. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

ऑक्टोबरात डस्टिनची दाढ ठणकायला लागली. विमा होता त्याच्याकडे, स्वतःच घेतलेला. पण तो असा, की आधी भला मोठा खर्च आपल्या खिशातून करायचा आणि मग त्याने डोळे उघडायचे. आणि दात त्यात नव्हतेच.

"आई, फार दुखतंय ग," एक दिवस तो म्हणाला.

"तुझा बाप मोडक्या बोटाने पाळ्या करायचा," वर्ना बटाटे सोलत म्हणाली.

त्यानंतर त्याने दाढेचं नाव काढलं नाही. लवंगेचं तेल लावलं आणि पार्सलं वाटत राहिला. दाढेतलं विष रक्तात उतरलं, रक्तातून काळजाच्या झडपेवर जाऊन बसलं, आणि जानेवारीत एका परक्या घराच्या पायरीवर, हातात कुणाचा तरी टोस्टर घेऊन, डस्टिन कोसळला.

बँगोरच्या इस्पितळातून तो परत आला तेव्हा निम्मा झाला होता. दंडात एक बारीक नळी बसवलेली. त्या नळीतून रोज, एक दिवस न चुकता, औषध जायला हवं; चुकलं तर झडप जाईल आणि झडपेबरोबर पोरगा. हे वर्नाला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं. औषध द्यायची सोय गावातल्या दवाखान्यात होती. तिथली नर्स मरीसा त्याला रोज दोन तास खुर्चीत बसवून नळी जोडायची. आणि तो दवाखानाच आता आचके देत होता. चालवणारी कंपनी मार्चअखेर कुलूप लावून निघणार होती. गावाने कर वाढवून तो स्वतःकडे घ्यावा, असा विषय मार्चच्या गावसभेपुढे आला होता.

वर्नाने मात्र आधी आपली रीत केली. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तिने पोराची पंगत मांडली.

दुकानात कागद लावला, चर्चमध्ये सांगितलं, हंडा पुरला. मोठ्या पंगतीला पुरेल एवढा घेवडा, वाफवलेला काळा ब्रेड, कोबीची कोशिंबीर, काकडीचं लोणचं. सभागृहभर टेबलं मांडली, कागदी चादरी अंथरल्या. संध्याकाळी हंडा उकरला आणि दाराशी उभी राहिली.

मरीसा आणि तिचा नवरा आले. पाद्री आले. ऐंशी ओलांडलेली शेजारीण एल्सी टिबेट्स काठी टेकत आली. मग बराच वेळ कुणीच नाही. मग एका खडखडत्या गाडीतून चार तरुण पोरं उतरली, गोदामाच्या गणवेशातच, बँगोरहून थेट. वर्नाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हीच डस्टिनच्या आई ना?" त्यातली एक मुलगी म्हणाली. "माझं बाळ आजारी असलं की माझ्या कामाची पाळी तोच करायचा. स्वतःची करून वर माझी. तुम्हाला बोलला असेल तो."

"हो तर," वर्ना म्हणाली. तो एका अक्षराने बोलला नव्हता.

ती पोरं जेवली, बरणीत काय टाकायचं ते टाकलं आणि कामावर परत गेली. बाकीच्या खुर्च्या तशाच. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. सभागृहापाशी आल्या की किंचित हळू होत आणि पुढे निघून जात. वर्ना त्यांतली एकेक गाडी ओळखत होती. पेल्टियरांचीही त्यात होती.

घरी डस्टिन कोचावर पडला होता.

"किती आले ग?"

"बर्फ फार होतं रे रस्त्यावर," वर्ना म्हणाली.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता कोरडाठाक होता, दिव्याखाली काळाभोर दिसत होता.

"हो," तो म्हणाला. "बर्फ फार होतं खरं."

त्या उत्तराने वर्नाच्या काळजाला घरं पडली. तो तिच्यावर चिडला असता तर तिने तोंडाला तोंड दिलं असतं. तिला सांभाळून घेतलेलं तिला सोसेना. सोमवारी तिने दुकानाच्या पायरीवर रॉस ब्रॅगला गाठलं.

"तू आला नाहीस."

रॉस चुळबुळला. माणूस वाईट नव्हे तो. "वर्ना, राग मानू नकोस. काळजाला असली लागण कशाने होते, सगळ्यांना ठाऊक आहे. नशेच्या सुया टोचून घेणाऱ्यांना होते ती."

"दाढेने झाली रे! डॉक्टर म्हणाले."

"असेल बाई. मी कुठे नाही म्हणतोय? पण लोक म्हणतात, धडधाकट पोरगा, एका जागी टिकत नाही, काम नको... आणि हे काही लोकांनी मनाने रचलेलं नाही. तूच सांगायचीस की. इतकी वर्षं तूच सांगत आलीस. आपण जेवायला येतो ते राबणाऱ्या माणसासाठी. हे तुझंच वाक्य."

वर्ना पायरी उतरून चालू लागली. घरी येताना ती तिच्याच फाटकासमोरून पुढे निघून गेली आणि चर्चपाशी गेल्यावर तिच्या ते ध्यानात आलं.

गावसभेच्या दिवशी जिम खचाखच भरलं. सभापती हार्लन ड्रू टाय लावून टेबलामागे उभा. रस्ते झाले, ट्रक झाला. डस्टिन त्या वेळी पलीकडच्या गल्लीत दवाखान्याच्या खुर्चीत नळी लावून बसलेला; तिथल्या मदतनिसावर त्याला सोपवून मरीसा सभेला आली होती. त्याने सकाळीच आईला सांगून ठेवलं होतं, "तुला जे बोलायचं ते बोल. माझ्यासाठी तोंड शिवून बसू नकोस." ती नेहमीसारखी कराविरुद्धच बोलणार असं तो धरून चालला होता, हे तिला कळलं होतं.

दवाखान्याचा विषय वाचला गेला आणि रॉस उठला.

"सभापती साहेब, आज दवाखाना, उद्या काय? पैसा झाडाला लागतो का? मी पहाटे चारला ट्रक काढतो. आणि माझ्याकडे कामाला पोरगं मिळत नाही. आलं तर आठवड्यात पळतं. यांना सगळं फुकट पाहिजे. दवाखाना फुकट, कॉलेज फुकट, घाम मात्र दुसऱ्याचा!"

टाळ्या कडाडल्या. मरीसा उभी राहिली. "रॉस, तुमचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षी कुणी बदलून दिले? म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यानेच ना?"

"ए पोरी, ते माझ्या हक्काचे! जन्मभर माझ्या पगारातून कापून घेतलेत!"

"आणि आता कुणाच्या पगारातून कापतात? याच काम नको असलेल्या पोरांच्या. ती तुमच्या गुडघ्यांचे भरतात, आणि त्यांची दाढ दुखली तर तुम्ही म्हणता, सोस."

मागून कुणी शिट्टी मारली, कुणी "बस खाली" ओरडलं. हार्लनने हातोडी आपटली. मग एल्सी टिबेट्स काठीवर भार देऊन उठली, आणि जिम आपोआप शांत झालं.

"मी कुणाच्या विरुद्ध नाही," ती म्हणाली. "पण माझं उत्पन्न तेवढंच, आणि घरपट्टी दरवर्षी चढते. दरवर्षी तुम्ही म्हणता, थोडंसंच. या हिवाळ्यात मी दोन खोल्या बंद करून स्वयंपाकघरात झोपले. मी माझं घर विकून तुमचा दवाखाना चालवू का? कुणीतरी सांगा मला."

 मरीसा खाली मान घालून बसली. 

रॉसने तो क्षण अचूक पकडला. "आणि आपल्याला काय कमी आहे? आपल्याकडे वर्ना आहे! तीस वर्षं या गावात कुणी औषधावाचून राहिलं नाही, ते कुणामुळे? सरकारमुळे? वर्नाच्या हंड्यामुळे!"

माणसं उठून उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. सगळे चेहरे स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. वर्ना पुढे आली. तिने ॲप्रनला हात पुसले नाहीत. ते नुसतेच लोंबत होते. लोक खुर्चीत टेकून बसले.

"मी एकोणिसाव्या वर्षापासून इथे रांधतेय," ती म्हणाली आणि पुढचं ठरलेलं वाक्य तिने गाळलं. हार्लनने तिच्याकडे पाहिलं.

"माझा पोरगा गोदामात स्वतःची पाळी करून दुसऱ्याची करायचा. हे मला एका परक्या मुलीने सांगितलं, मागच्या महिन्यात. मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत होते की तो आळशी आहे. तुम्ही हसायचात म्हणून सांगत होते. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. का नाही ठेवणार? मी वर्ना."

तिने ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

"त्याची दाढ दुखत होती तेव्हा मी त्याला त्याच्या बापाचं बोट सुनावलं. मग त्याची पंगत मांडली. तुमच्यातले बहुतेक जण गाडी हळू करून पुढे गेलात. मला राग आला होता, आता नाही. मला वाटायचं, माझी पंगत म्हणजे माया. नाही. ते मतदान होतं. जो आपल्याला आवडतो, ज्याच्याबद्दल चार लोक चांगलं बोलतात, तो जगतो. ज्याची आईच वाईट बोलते, त्याच्यासाठी खुर्च्या रिकाम्या. आता ती नळी एक दिवस जरी चुकली तर माझं पोर जाईल. एल्सीला काय उत्तर द्यायचं मला ठाऊक नाही. पण माझ्या हंड्याचं नाव घेऊन नाही म्हणू नका. माझा हंडा खोटा पडला."

ती बसायला वळली तोच रॉस पुन्हा उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि आवाज फाटला होता.

"वर्ना, चुकलं आमचं. मी सगळ्यांसमोर म्हणतो, चुकलं. डस्टिनसाठी परत पंगत करू! या शनिवारी. मी स्वतः ओंडके आणतो. त्याला बँगोरला रोज न्यायला आणायला गाडी लावू. कोण कोण येणार? हात वर करा!"

जिमभर हात वर झाले. पेल्टियर नवराबायको दोघांचे. कुणी डोळे पुसत होतं. सगळे एकदम हलके झाले होते, आपण किती चांगले हे पुन्हा सापडल्यासारखे. वर्नाने ते हात पाहिले. एवढं एक 'बरं' म्हटलं की तिच्या पोराचं निभावणार होतं.  तिच्या मनाने दोनदा होकार दिला.

"नको," ती म्हणाली.

"अग, काय बोलतेस?"

"मी इथे उभी राहून रडले म्हणून तुम्ही हात वर केलेत. पुढच्याची आई रांधणारी नसेल. त्याला रडता येत नसेल. किंवा तो खरंच आळशी असेल, रॉस. मग काय, मरू द्यायचा? हात वर करायचेत तर विषयावर करा."

हात हळूहळू खाली आले. काही चेहऱ्यांवर राग उमटला. देऊ केलेली मदत नाकारलेली या गावात शिवीपेक्षा जास्त झोंबते.

मत घेतलं. हातांवरून हार्लनला निवाडा करता येईना, तेव्हा त्याने जुन्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना उठवलं: हो म्हणणारे खिडक्यांकडे, नाही म्हणणारे बास्केटबॉलच्या जाळीखाली. खुर्च्या करकरल्या. एल्सी जिथल्या तिथे, जाळीच्या बाजूला, मान खाली घालून बसून राहिली. वर्ना जन्मात पहिल्यांदा खिडक्यांकडे चालत गेली. दोन बाजू बराच वेळ सारख्याच वाटत होत्या. पेल्टियर मधोमध घुटमळले. नवऱ्याने बायकोच्या कोपराला धरलं आणि दोघं जाळीखाली गेले.

हार्लनने दोनदा मोजलं. विषय पडला. थोडक्यात पडला, पण पडला.

वर्नाने सगळ्यांना जेवण वाढलं. रॉसच्या ताटातही वाढलं, नेहमीएवढंच. तो ताट घेऊन पुढे सरकला. मग एक ताट झाकून घेऊन ती बर्फातून दवाखान्यात गेली.

डस्टिन खुर्चीत होता, नळीतून औषध थेंबथेंब उतरत होतं.

"पडला ना विषय?" तो म्हणाला. "बोललीस का जोरात?"

"बोलले. हो म्हणून बोलले. तरी पडला." तिने ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. "आणि ते तुझी पंगत परत घालणार होते. मी नको म्हटलं. तुला शिव्या घालायच्या असतील तर घाल."

डस्टिनने चमचा उचलला. मग त्याला हसू आलं, आणि हसता हसता दुसऱ्या हाताने त्याने नळी सावरली.

"छान! म्हणजे दवाखाना नाही, पंगत नाही. आता मला रोज बँगोरला कोण नेणार?"

"मी."

"रोज? दिवस मोडतो त्यात. आणि शाळा?"

"शाळेला सांगून टाकते. पोरं खातील काही दिवस डब्यातलं."

डस्टिनने चमचा खाली ठेवला. शाळेची थाळी न वाढलेला आईचा एकही दिवस त्याने पाहिला नव्हता. त्याच्या जन्मानंतरही ती आठवड्यात ओट्याशी परत उभी होती, हे त्याने हजारदा ऐकलं होतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "लोक दुकानात बसून म्हणतील, वर्नाला आता काम नको झालंय."

वर्ना खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"म्हणू देत," ती म्हणाली. "तू जेव. आणि मला सांग, त्या गोदामात तू नक्की काय काय करायचास?"